गुरुवारचा कप्पा

होती. गुरुवारच्या कप्प्यात गोळी होती — फिकट गुलाबी, मधोमध दुभंगायची रेघ असलेली, कोपऱ्याला टेकून जणू डोळा लागल्यासारखी कललेली — आणि झाकण न उघडता, डबी खिडकीच्या उजेडात धरून, पारदर्शक प्लास्टिकमधून मेट्रनबाईंनी ती पुन्हा एकदा पाहिली. रविवारी डबी भरताना पाहिली होती. सोमवारी पाहिली होती. काल संध्याकाळी सहा वाजता बुधवारची गोळी गिळून, आधी गिळून आणि मगच कॅलेंडरवर खूण करून झाल्यावर, शेजारच्या झाकणावर नख वाजवूनही पाहिली होती. गोळी जागची हलली नव्हती. अजून तरी नव्हती.

मागचे तीन गुरुवार संध्याकाळी सहा वाजता ती तिथे नसे.

दुसरा कुठलाच वार नाही. सोमवार सोमवारसारखा वागे, शनिवार शनिवारसारखा. फक्त गुरुवारी झाकण घट्ट बंद आणि आत काही नाही, धूळसुद्धा नाही. पहिल्या वेळी त्यांनी स्वतःलाच दटावले — भरताना लक्ष कुठे होते? — आणि कपाटातल्या पट्टीतून एक गोळी काढून, घेऊन, विषय संपवला. दुसऱ्या वेळीही तेच केले, पण त्या रात्री जेवताना सुनेच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. तिसऱ्या वेळी मात्र गोळी घेऊन झाल्यावर पट्टी मोजली. हिशेबापेक्षा तीन गोळ्या कमी. म्हणजे भरताना राहिली नव्हती. भरली होती, आणि गेली होती. कोणीतरी दर गुरुवारी त्यांच्या आधी त्यांची गोळी घेत होते.

कोण? घरात माणसे तीन. मुलगा — स्वतःच्या डोकेदुखीची गोळीदेखील आईला विचारून घेणारा. सून — शाळेत गणित शिकवणारी, सकाळी साडेसातला घराबाहेर. आणि त्या स्वतः. वाऱ्याने गोळ्या उडत नाहीत, उंदीर झाकण लावून जात नाही.

बरे, गोळीही अशी की चोरावी असे काही नाही तिच्यात. रक्त पातळ ठेवण्याची गोळी — ना झोप आणणारी, ना चव असलेली. कमी झाली तर रक्ताची गाठ धरायची, जास्त झाली तर साधा ओरखडाही थांबायचा नाही. सुरीच्या पात्यावरून चालायचे औषध. हे वाक्य त्यांचेच. बावीस वर्षे दर गुरुवारी अकरा वाजता, इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या लांबट खोलीत, समोर बसलेल्या आठ-दहा भेदरलेल्या माणसांना त्या ते ऐकवत आल्या होत्या. निवृत्तीनंतरही इस्पितळाने तो एक तास त्यांच्याकडेच ठेवला होता. ‘तुमच्यासारखं कोणाला जमत नाही, बाई’ — हे ते सौजन्याने म्हणत नव्हते, खरेच होते ते. पुढे दोन महिन्यांपूर्वी त्यांचेच हृदय ताल चुकू लागले, आणि ज्याला त्यांनी एके काळी हात धुवायला शिकवले होते त्या डॉक्टरने खाली मान घालून त्यांच्याच नावाने तीच गोळी लिहून दिली.

सून तेव्हा म्हणाली होती, “आई, डबी मी भरत जाऊ का रविवारी? दोन मिनिटांचं तर काम.”

“माझे हात अजून शाबूत आहेत. तुझ्या पोरांच्या वह्या तपासून झाल्या का?”

सून हसली होती आणि वह्यांकडे वळली होती. पण ते दोन मिनिटांचे काम नाही, हे दोघींनाही ठाऊक होते. आज डबी जाईल. मग कपाटाच्या किल्ल्या जातील, ‘आई, तुम्ही कशाला त्रास घेता’ म्हणत अगदी प्रेमाने जातील. आणि शेवटी गुरुवार जाईल. ज्या बाईला आपल्या सात कप्प्यांचा ठिकाणा नाही तिने दुसऱ्यांना काय शिकवायचे? म्हणून त्या कोणालाच काही बोलल्या नव्हत्या. आणि म्हणून पदर सरळ करताना डाव्या हाताची लांब बाही त्यांनी मनगटापर्यंत ओढून घेतली.

बाहीखाली तो हात होता.

आपला नव्हे… म्हणजे आपलाच, पण त्यावर दुसरा. कोपराच्या थोडे खाली चार लांबट डाग, निळे-काळे, कडेने पिवळे पडत चाललेले, आणि आतल्या बाजूला एक रुंद, अंगठ्याचा. कोणीतरी घट्ट धरल्यासारखा. या गोळीवर असताना टेबलाचा कोपरा लागला तरी निळे पडते, त्या स्वतःच सांगत. पण टेबलाच्या कोपऱ्याला बोटे नसतात. गेल्या आठवड्यात आंघोळीच्या वेळी त्यांनी सहज आपला उजवा पंजा त्यावर ठेवून पाहिला होता — करंगळीवर करंगळी, अंगठ्यावर अंगठा, तसूभरही फरक नाही — आणि मग गरम पाणी अंगावर घेऊनही बराच वेळ त्यांची थंडी गेली नव्हती. इतका आपल्यासारखा हात कोणाचा असतो?

त्यांनी डबी रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली. चेन लावल्याचे मनाशी तीनदा म्हटले. आज पाहतेच मी.

*

तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत त्यांनी महिन्याचे रक्त दिले. सुई टोचणारी मुलगी नवी होती, कापूस दाबून “बाई, पाच मिनिटं धरा हं” म्हणाली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे असे पाहिले की ती आपण होऊन म्हणाली, “दहा.” रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा संध्याकाळपर्यंत मिळणार होता, शाळा सुटली की सून घेऊन येणार होती. दोन ते तीनच्या मध्ये असावा असा तो आकडा. दोनच्या खाली गोळीला अर्थ नाही, तीनच्या बऱ्याच वर गेला तर… आणि तीन गुरुवार गोळी कोणी पळवूनही आपण चुकवलेली नाही, पट्टीतून घेतलेलीच आहे, तेव्हा आकडा जिथल्या तिथे असणार. हा एक आकडा तरी आपल्या बाजूने साक्ष देईल.

खोली तशीच. भिंतीवर मोठे घड्याळ, लाकडी टेबल, पाण्याचा जग, स्टीलचा पेला, आठ खुर्च्या. पूर्वी टेबलाच्या खणात शिकवण्याची वेगळी डबी असे, साखरेच्या गोळ्या भरलेली. महिन्याभरापूर्वी तिची बिजागरी तुटली, मुंग्यांनी गोळ्यांचा फडशा पाडला, आणि नवी येईपर्यंत त्या आपलीच डबी आणू लागल्या. खरी डबी पाहिली की माणसे नीट पाहतात, असा त्यांचा अनुभव होता. नुसती दाखवायची, आणि पुन्हा रुमालात.

आज सातजण. पुढच्या खुर्चीत एक निवृत्त बसचालक, पोट मांडीवर ठेवून बसलेला, शेजारी त्याची बायको. खिडकीजवळची कोपऱ्यातली खुर्ची रिकामी. त्या खुर्चीवर कोणी बसत नाही असे काही नाही. पण आठजण कधी येतच नाहीत, आणि सातजण आले की ते इतरत्र बसतात.

“पहिली गोष्ट,” त्या म्हणाल्या, आणि आवाज आपोआप मेट्रनचा झाला. “रोज एकच वेळ. तुमच्या बसच्या वेळेसारखी नव्हे.”

“माझी बस कधी लेट नव्हती, बाई,” चालक म्हणाला.

“हो तर,” बायको म्हणाली, “घरी तेवढे लेट.”

खोली हसली. हसली की ऐकते, हे त्यांना माहीत होते. मग पुढचे सगळे एकापाठोपाठ एक आले, माळेतले मणी सरकावे तसे — चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. दुखलं-खुपलं म्हणून दुकानातून मनाची गोळी आणायची नाही. पालेभाजी खा, पण दर आठवड्याला सारखीच, एकदम भाराभर नको. दातवाल्याला दाढ दाखवण्याआधी गोळीचं सांगा. शी काळी झाली, लघवी लाल झाली, डोक्याला मार लागला, तर लाजत बसू नका, निघून या.

“आणि दाढी करताना कापलं तर?”

“असं धरायचं. बोटांनी घट्ट, मधे उघडून बघायचं नाही. घड्याळात दहा मिनिटं. झाकण उघडून भात शिजला का बघतो तसं नाही बघायचं.”

आणि हात — हात बोलत होते. बावीस वर्षे त्यांनी हातांना इतके शिकवले होते की आता त्यांना मालकिणीची गरज नव्हती. तोंड वाक्य म्हणे, हात ते करून दाखवीत, आणि मन मोकळे राही. मन आता कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेले होते. तिथे टेलरमास्तर बसत. चौदा वर्षे झाली. शिवताना बोटावर घालायची पितळी टोपी, ते अंगुस्तान, काढायला विसरून तसेच यायचे, आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे, अगदी माप लिहून घेतल्यासारखे. असा विद्यार्थी पुन्हा मिळाला नाही. बाकीचे जांभया देत, मास्तर त्यांच्या हातांकडे पाहत — चेहऱ्याकडे कधी नाही, हातांकडेच — कारण शिलाई हात पाहून शिकतात, ऐकून कोणी शिकत नाही, असे ते एकदा म्हणाले होते… आणि मग तिसऱ्या महिन्यात वरच्या वॉर्डात, खाटेवर, हिरड्यांतून रक्त, डोळ्याचा पांढरा भाग लाल, आणि तरी त्यांना पाहून उठून बसायची धडपड. ‘मास्तर, काय केलंत हे? दोन-दोन घेत होता?’ तेव्हा मास्तर अगदी नवलाने म्हणाले होते, ‘तुम्ही दाखवलंत तसंच, बाई. सकाळी अकराला तुम्ही घेता तशी एक. आणि संध्याकाळी कागदावर लिहिलीय ती एक.’

चौथ्या दिवशी खाट रिकामी झाली. कागदावर त्यांनी लिहिले — ‘रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत.’ अक्षर सुवाच्य होते. खोटे होते असे नाही. पण ते लिहिताना पेन एकदा थांबले होते, आणि जिथे थांबले तिथे शाईचा एक ठिपका पसरला होता, तो अजून दिसतो… मिटल्या डोळ्यांनाही. त्यानंतरच्या गुरुवारपासून त्यांनी धड्यात एक वाक्य घातले, आणि ते एकदाही चुकवले नाही.

“मी घेते ती नुसती दाखवायला. साखरेची आहे. तुमची ती खरी.”

पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

“साखरेची?” बसचालक पुढे वाकून म्हणाला. “मग तोंड का वाकडं केलंत, बाई?”

“शिस्त कोणालाच गोड लागत नाही,” त्या म्हणाल्या. सगळे हसले, चालकाची बायको सर्वांत मोठ्याने. त्याही हसल्या. जिभेच्या मुळाशी काहीतरी कडसर रेंगाळत होते. मास्तरांची आठवण निघाली की असे होतेच.

निघताना त्यांनी डबी रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली, चेन लावली. आणि दाराशी वळून पाहिले, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरची उशी मधोमध दबलेली होती. जुनी झाली की दबतात उशा. त्यांनी दिवा बंद केला.

*

दुपारी त्या आडव्या झाल्या नाहीत. जेवणघरात, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसल्या. पर्स मांडीवर, उजवा हात चेनीवर. घरात कोणी नव्हते. नळ मधूनच एक थेंब सोडी आणि मग पुढचा बराच वेळ राखून ठेवी. हे असे पहाऱ्यावर बसणे कोणी पाहिले असते तर — मेट्रनबाई, वॉर्डातल्या चादरीची घडी चुकली तर आख्ख्या पाळीला उभे करणाऱ्या, आपल्याच पर्सवर नागासारख्या बसलेल्या — तर काय म्हटले असते? ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.’ ही म्हण त्यांना कधीच आवडली नव्हती. जे त्या सांगत ते करीत. अगदी तंतोतंत करीत. कोणी बोट दाखवावे अशी फट त्यांनी ठेवलीच नव्हती.

चार वाजले. पाच. उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकत त्यांच्या पायापर्यंत आला आणि तिथेच थांबला, वर चढेना. एकदा त्यांना वाटले, चेनीखालून कोणीतरी हळूच, आतून, बोटाने चाचपते आहे. पाहिले तर त्यांचेच बोट कापडाची शिवण चाचपत होते. सरळ, बारीक, एकसारखी शिवण. मास्तरांनी हात फिरवून ‘बरी आहे’ म्हटले असते.

साडेपाचला त्यांनी मनाशी हिशेब पक्का केला. सकाळी होती. डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर डबी माझ्या हातातून, माझ्या पर्समधून, माझ्या मांडीवरून हललेली नाही. घरात कोणी आले नाही. तेव्हा ती असणारच. आणि असली, की गेले तीन गुरुवार हा नुसता विसराळूपणा, वयाचा, कोणाचाही होईल असा. त्यांना एकदम हलके वाटले, आणि त्या हलकेपणाचीच भीती वाटली.

घड्याळाने सहाचे ठोके दिले. त्यांनी चेन काढली. रुमाल उलगडला.

शुक्रवार. शनिवार. रविवार. तिन्ही गुलाबी ठिपके आपापल्या जागी होते. आणि त्यांच्या आधी, घट्ट बंद झाकणाखाली, कप्पा स्वच्छ रिकामा होता.

त्या किंचाळल्या नाहीत. किंचाळणे त्यांना कधी आले नाही. डबी त्यांनी उपडी केली, सरळ केली, रुमाल झटकला, पर्स उलटी केली — चष्म्याचे घर, किल्ल्या, ही गोळी चालू असल्याचे ओळखपत्र — आणि मग, हे सगळे जणू दुसरे कोणी करीत असावे अशा शांतपणे, त्या उठल्या, कपाट उघडले, पट्टीतून एक गोळी तळहातावर काढली. सहा वाजले होते. सहा वाजता गोळी घ्यायची असते. एकच वेळ. पेल्यात पाणी ओतले गेले.

दार वाजले. सूनच, चपला काढण्याआधीच बोलू लागली, एरवी ती असे करीत नसे.

“आई, घेतलीत का हो आजची? थांबा, घेऊ नका. आकडा चार पॉइंट आठ आलाय. डॉक्टर स्वतः बाहेर आले हो काउंटरवर. आज आणि उद्या बिलकूल घ्यायची नाही, परवा पुन्हा रक्त द्यायचं. आणि…” ती थांबली. वर्गात ज्या मुलाचे उत्तर चुकले आहे त्याला लाज वाटू नये म्हणून जसा आवाज उतरवतात तसा तिने उतरवला. “ते विचारत होते, बाई दोनदा तर घेत नाहीत ना?”

“मी?” त्या म्हणाल्या.

आणि ते ‘मी’ खोलीत तसेच उभे राहिले. दोनदा. दोनदा म्हणजे… आकडा साक्ष देणार होता, आणि आकडा खोटे बोलत नाही. तीन गोळ्या पळवलेल्या नव्हत्या. त्या याच रक्तात फिरत होत्या, आणि आज चौथी. मग तोंड का वाकडं केलंत, बाई? जिभेच्या मुळाशी तो कडसरपणा अजून होता, सकाळपासून होता. साखर कडू होत नाही. साखरेची डबी मुंग्यांनी महिन्यापूर्वी संपवली. वाक्य मात्र कोणी संपवले नव्हते, वाक्य आपल्या वेळेला आले — साखरेची आहे — आणि हाताने, ज्याला कोणी विचारले नव्हते आणि कोणी थांबवलेही नव्हते, झाकण उघडले, गोळी जिभेवर ठेवली, पेला उचलला, झाकण लावले. तुम्ही दाखवलंत तसंच, बाई. सकाळी अकराला एक. आणि संध्याकाळी…

तळहातावरची गोळी घामाने ओली होऊन किंचित विरघळू लागली होती. रेषांत गुलाबी रंग उतरत होता. त्यांनी मूठ मिटली.

“आई? घेतली नाहीत ना अजून?”

सोपा प्रश्न होता. ‘घेतली’ म्हटले तर खरे होते, ‘नाही घेतली’ म्हटले तरी खरे होते, आणि दोन्हीपैकी काहीही म्हटले की पाठोपाठ डबी, किल्ल्या, गुरुवार सगळे या मुलीच्या त्या मऊ, समजूतदार आवाजात बुडून जाणार होते. पण नवल म्हणजे आता त्यांना त्याची भीती नव्हती. भीती दुसरीच होती, आणि ती बाहेरून येत नव्हती. पुढच्या गुरुवारी त्या खोलीत शिकवायला कोण उभे राहील? मी उभी राहीन असे मी कोणत्या तोंडाने म्हणू, जेव्हा आज तिथे मी नव्हतेच — मी तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते, मास्तरांच्या जागी, मान डोलवत, त्या हातांकडे पाहत… चांगले हात होते. विश्वास ठेवावा असे.

पर्समधून पडलेल्या चष्म्याच्या घराकडे सून वाकली. उठली तेव्हा तिची नजर त्यांच्या हातावर गेली आणि तिथेच थांबली, कारण बाही वर सरकली होती.

“हे काय झालंय? कोणी धरलं होतं तुम्हाला?”

मेट्रनबाईंनी खाली पाहिले. मूठ केव्हाच उघडली होती. गोळी टेबलावर पडली होती, ओली, अर्धवट, आणि उजवा हात, कोणी न सांगता, डाव्या हातावर जाऊन बसला होता — बोटाखाली बोटाचा डाग, अंगठ्याखाली अंगठ्याचा, तसूभरही फरक नाही — आणि घट्ट, शिकवल्यासारखा, मधे उघडून न पाहता, दाबून धरत होता. त्यांनी त्याला सोडायला सांगितले. मनातल्या मनात, मेट्रनच्या आवाजात सांगितले.

मग त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागल्या. दहापैकी अजून नऊ मिनिटे होती.